सासऱ्यांची खाट

शहरातल्या निम्म्या बायका आज हौसेने ज्या स्प्रिंगांच्या खाटेवर हातपाय ताणतात, ती मुळात एका म्हाताऱ्याला जखडून ठेवायला केली होती. हे सांगितलं की बायकांना राग येतो. येऊ दे.

म्हातारा सोफे बनवणारा कारागीर. घसरून पडला, कंबर गेली, अंथरुणाला खिळला. तेव्हापासून त्याचं एकच टुमणं, "मला बहिणीकडे नेऊन सोडा." बहीण पलीकडच्याच गल्लीत राहायची, पण मुलगा नेईना. तिथे गेला की बाप सगळं ओकणार. सून शिळं वाढते इथपासून मुलगा हात उगारतो इथपर्यंत. म्हातारा मग एकटाच सरपटत दाराकडे निघायचा.

मुलाने त्याला बांधायचं ठरवलं. दोरीचे वळ उठतात आणि ते पाहुण्यांना दिसतात. पण हाही सोफेवालाच, घरात स्प्रिंगांचा ढीग. त्याने खाटेच्या चारही कोपऱ्यांना स्प्रिंगा अडकवल्या, त्यांच्या टोकांना मऊ कापडी पट्टे शिवले आणि बापाचे हातपाय त्यांत अडकवले.

"बघा बाबा, हात हलतोय की नाही? याला काय बांधणं म्हणतात?"

शिवण सुबक होती. बापानेच शिकवलेली.

म्हातारा हट्टाला पेटला. जाग आली की दातओठ खात ओढायचा. पाय दाराकडे ताणायचा, स्प्रिंग त्याला परत आणायची. सून शेजारी बसून भाजी निवडत म्हणायची, "चालू द्या, तेवढीच भूक लागेल." भूक लागायची. वाढायचं मात्र तिच्या लक्षात राहायचं नाही.

काही महिन्यांत म्हाताऱ्याचं पोट सपाट झालं, कंबर सरळ झाली, दंड टणक झाले. विचारपूस करायला आलेली शेजारीण बघतच राहिली.

"अगंबाई, यांना देता तरी काय?"

"व्यायाम," सून म्हणाली. "आमच्या घरची पद्धत आहे."

बघता बघता बाहेरच्या खोलीत खाटांची रांग लागली. बायका घाम गाळू लागल्या आणि समोर नमुना म्हणून म्हातारा. तो ओरडायचा, "सोडा मला!" सून सांगायची, "ऐकलंत? श्वास असा जोरात बाहेर टाकायचा."

एका सकाळी पट्टे तुटले. म्हातारा उठला आणि स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेला. दारात बहीण उभी होती. तिची पाठ धरली होती, म्हणून क्लासला नाव घालायला आली होती.

"छबे, मला घरी ने," तो रडत म्हणाला. "हे मला बांधून ठेवतात गं."

छबीने त्याचा दंड दाबून पाहिला. "दादा, तरुणपणी तरी असा होतास का रे? माझ्याकडे येऊन नुसता लोळशील. पोरं एवढं करतात तुझं आणि तू त्यांनाच नावं ठेवतोस?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याला आता कुठेही चालत जाता आलं असतं, पण जायला दुसरं घर नव्हतं. मुलाने प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून त्याला खाटेवर बसवलं. नवे पट्टे बहिणीनेच बांधले.

"याला या स्प्रिंगा सैल पडतात रे," ती भाच्याला म्हणाली. "जाड नाहीत का?"

मुलगा आत जाऊन जाड स्प्रिंगा घेऊन आला.