मोईनाची खुडणी

साहेबाची झाडून सगळी चिनी चहाची रोपं एका सकाळीत उपटली गेली आणि जारोईचं रान वाचलं. पण असं काही घडलंच नाही, हे आसामातल्या सिंगफो लोकांच्या त्या गावात एकमताने ठरलं. तेव्हा जे घडलं नाही, ते असं.

मोईना हत्तीण वाफ्यांपाशी थांबली. पाठीवर म्हातारी जारोई, शेजारी नेहमीची टोपली. उद्यापासून पलीकडचं जुनं रान तोडायचं आणि तिथे ही गुडघ्याएवढी रोपं लावायची, असा मॅकफी साहेबाचा हुकूम होता. ओंडके ओढायला मोईनालाच बोलावलं होतं. त्या रानातल्या उंच झाडांची पानं जारोईच्या आजीच्या काळापासून बांबूच्या नळीत ठासून चुलीवर धुरावली जात. साहेबाच्या मते तो चहाच नव्हे.

मोईनाने रोपांचा वास घेतला. चहाच होता. रानात तिचं काम एकच: फांदी वाकवायची आणि वर बसलेल्या बाईपुढे अदबीने धरायची. तिने पहिलं रोप वाकवलं. ते मुळासकट हाती आलं. तेही तिने अदबीने वर धरलं.

जारोईने एकदा रानाकडे पाहिलं. मग रोप टोपलीत ठेवलं.

मोईनाचा हात बघण्यासारखा होता. एक पान चुरगळलं नाही. शेवटच्या रांगेपाशी जारोईचा भाऊ ब्रांग धापा टाकत आला.

"अगं ताई, थांबव तिला!"

"कामात मध्येच बोललेलं तिला खपत नाही."

"आणि साहेब काय म्हणेल?"

"तो बोलेना का. तो कुठे काम करतो?"

साहेब आला तेव्हा वाफ्यांचा उतार लख्ख मोकळा होता. तो वाकून माती बघू लागला.

"हे हत्तीचे ठसे आहेत."

"हत्ती? इथे?" मोईनाच्या पायाला टेकून ब्रांग म्हणाला.

जारोईने बांबू फोडला, चहा उकळला. साहेबाने एक पेला घेतला. मग पेला पुन्हा पुढे केला. बाग हत्तिणीने खुडली, हे कलकत्त्याच्या सरकारला कळवणं त्यालाही झेपणारं नव्हतं. लावायला रोपंच नाहीत, तर रान तोडून करायचं काय? कुऱ्हाडी परत गेल्या.

तिसऱ्या पेल्यानंतर त्याने कागद ओढला आणि लिहिलं: "येथील मातीस ठेंगणी रोपे मानवत नाहीत. सबब मेहेरबान सरकारांनी पुढील खेपेस हत्तीच्या सोंडेस न पोहोचतील एवढ्या उंचीचीच रोपे पाठवावीत, ही नम्र विनंती."