कांडलेली हळद

रुखमानं ब्लेडच्या टोकावर लाल क्लेचा तीळभर कण उचलला आणि पिवळ्या गोळ्यात दाबला. गोळा तळव्यांत घेऊन लांब केला, दुमडला, पुन्हा लांब केला. लाल रेघ पिवळ्यात वळवळली, बारीक झाली, दिसेनाशी झाली. आणि बघता बघता सगळा गोळा बाटलीतल्या आंब्याच्या रसासारखा केशरी होऊन बसला.

"हट्!" म्हणत तिनं तो परातीत फेकला.

परातीत असे वाया गेलेले गोळे आधीच पडून होते. एक लिंबाच्या सालीचा, एक शाळेच्या बसचा, एक कावीळ झालेल्या डोळ्याचा. हळदीचा एकही नव्हता.

मे महिना. मोहाडीतल्या त्या भाड्याच्या खोलीत कूलर गरम हवाच इकडून तिकडे फेकत होता. क्ले म्हणायची ती नावाला. आहे ते प्लास्टिकच. मळलं की मऊ होतं, छोट्या ओव्हनमध्ये भाजलं की कडक. पण या उन्हात ते भाजण्याआधीच बोटांना चिकटायला लागलं होतं. रुखमानं माठावर स्टीलची ताटली पालथी घातली होती आणि तिच्यावर ती गोळे थंड करत होती. हे तिला कुठल्या व्हिडिओतल्या बाईनं शिकवलं नव्हतं. त्या बायांच्या घरी एसी असतो.

रुखमा क्लेचे दागिने करून विकायची, पण हे दागिने टीनाचे होते. टीना म्हणजे तिची पुतणी. उद्या आंधळगावला तिची हळद. टिक्का, झुमके, हातफूल, सगळं रुखमानं करायचं असं टीनानं महिन्याआधीच फोनवर ठरवून टाकलं होतं.

"काकी, फुलायचे दागिने सगळ्याच पोरी घालते. दोन घंट्यात मरगळून जाते. तू बनव. पण हळदच वाटली पाहिजे हो! अंगावरची हळद कोणती अन् दागिना कोणता, कळलाच नाही पाहिजे कोणाले."

तिनं हळदीचे फोटोही पाठवले होते. फोटोतली हळद सावलीत एका रंगाची, उन्हात दुसऱ्या, आणि रुखमाच्या चरे पडलेल्या मोबाइलवर तिसऱ्याच. शेवटी ती वैतागून म्हणाली होती, फोटो राहू दे माय, हळदच पाठव.

दाराशी चपला वाजल्या. निर्मलाबाई आली, टीनाची आई, रुखमाची मोठी जाऊ. पदरानं मान पुसत ती खाटेच्या कडेला टेकली आणि पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली.

"घे वो, तुह्या पुतणीचा हट्ट. दुकानातली नाही चालत म्हणे. कांडलेलीच पाहिजे."

रुखमानं हात पुढे केला. निर्मलाबाईनं पुडी त्या हातावर ठेवली नाही. वाकून ओट्यावर ठेवली, डब्यांच्या शेजारी.

"सवाशिणींनी कांडली काल. रंग पाहून घेजो नुसता. उद्या सकाळी येतो आम्ही दागिने न्यायले, तवा पुडी बी वापस दे. मोठ्या हळदीत मिसळवाची आहे. शकुनाची असते ते." मग जरा थांबून, ओट्याकडेच पाहत, "चमच्यानं घेजो. लागलीच तं."

"बरं."

"पाणी दे गं. काय ऊन आहे!"

रुखमानं पाणी दिलं. निर्मलाबाईनं अर्धा ग्लास एका दमात संपवला आणि उरलेल्या अर्ध्याकडे पाहत बोलायला लागली.

"उद्याचं असं आहे, रुखमा. पाव्हणे बपेऱ्याचे. जुन्या वळणाचे लोकं. नवरदेवाची माय तं लय कडक आहे. त्यायच्या बाया उष्टी हळद घेऊन येतीन, साऱ्या सवाशिणी. कोणी काही बोलून गेलं तं तुलेच वाईट वाटन."

"म्हणजे मले वाईट वाटू नये म्हणून मी नाही येवाचं."

"तसं नाही वो! परवा लग्नाले ये ना. दुपारून ये, जेवाले. मागच्या दारानं आली तं गर्दी बी लागत नाही."

रुखमानं परातीतला केशरी गोळा उचलून अंगठ्यानं चपटा केला.

"अन् हे दागिने?"

"काय दागिने?"

"माह्याच हातचे आहे ना, बाई. ते चालते का पोरीच्या कपाळावर?"

निर्मलाबाई हसली. मोठ्या पेचातून सुटल्यासारखी हसली.

"ते तं प्लास्टिक आहे. प्लास्टिकले काय असते?"

ती गेल्यावर रुखमा बराच वेळ पुडीसमोर उभी राहिली.

नवरा, श्रावण, शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्या दिवशी रुखमाचे हात काही बदलले नव्हते. नखं तीच, रेषा त्याच. पुढच्याच पावसाळ्यात ह्याच हातांनी तिनं थोरल्या दिराच्या बांधीत, चिखलात उभं राहून, धानाचा रोवणा केला, कंबर मोडेस्तोवर. तेव्हा कोणी चमच्यानं रोव म्हणालं नाही. बाई रोवण्याला चालते, उष्ट्या भांड्यांना चालते, आजाऱ्याचं गू-मूत काढायला तर हक्काची असते. हळदीला तेवढी चालत नाही. आणि हे सांगणाऱ्यांची तोंडं इतकी गोड असतात, की ऐकणारीलाच वाटावं आपण बोलावणं मागून त्यांना अडचणीत आणलं.

टीनाच्या जन्मानंतर निर्मलाबाई तापानं अंथरुणाला खिळली होती. त्या पोरीला तेल-हळद चोळून पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी रुखमाच. पोर मोठी झाली तरी काकीच्याच कुशीत झोपायची. रुखमाला स्वतःचं मूल झालं नाही. झालं असतं तर कदाचित तिनं या पोरीला इतकं चोळलं नसतं.

तिनं पुडी सोडली.

चमचा घेतला. पांढऱ्या बशीत चिमूटभर हळद टाकली आणि नवा गोळा मळायला बसली. पिवळ्यात जांभळ्याचा कण टाकला की पिवळ्याचा भडकपणा मरतो, हे तिला ठाऊक होतं. टाकला. रंग उतरला, पण मातकट झाला. तपकिरी टाकून पाहिला. डाळीच्या वरणासारखा झाला. पांढऱ्यानं दुधाळ झाला. काळ्याच्या वाटेला ती गेलीच नाही, काळा एकदा आत शिरला की परत निघत नाही. एक गोळा बशीतल्या हळदीशी अगदी जुळला. तिनं त्याची पाकळी करून भाजली, मनगटावर धरली, आणि पाकळी मनगटावर उपऱ्यासारखी बसून राहिली. खेळण्यातल्या फुलाची पाकळी. जुळली होती, पण खोटी होती.

चूक कुठं होतेय ते कळायला तिला दुपार कलेपर्यंत वेळ लागला. बशीतली हळद म्हणजे हळद नव्हेच. तो मसाला. हळदीला हळदीचा रंग येतो तो अंगावर. खालची कातडी वर दिसत राहते, म्हणून.

रुखमानं दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं, लोटलं नाही. माठातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि ओलं बोट सरळ पुडीत घातलं.

मनगटापासून कोपरापर्यंत तिनं एकच पट्टा ओढला. आधी तो नुसता पिवळा चिखल दिसला. मग सुकत आला तसा कातडीत उतरला. सावळ्या हातावर तो जुन्या सोन्याकडे झुकला, कडेला फिका, शिरेवर गडद. वासही आला, पोरीला न्हाऊ घालतानाचा. रुखमानं हात नाकाशी नेला आणि तसाच ठेवला. कूलरची मोटर अडखळली, पुन्हा सुरू झाली. तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतला.

मग तिनं पाकिटातली पिवळी क्ले बाजूलाच सारली. बिनरंगी क्लेची वडी काढली. ही भाजल्यावर शिंपल्यासारखी अर्धपारदर्शक होते, आतलं थोडं वर दिसू देते. त्यात तपकिरीचा जरासा अंश टाकला, आपल्या हाताकडे पाहत पाहत, कातडीपुरता. आणि पुडीतली हळद चिमटीत घेऊन त्यात मळायला लागली. चमचा बशीतच राहिला.

मसाल्याचा रंग उन्हात टिकत नाही, चार-आठ दिवसांत उडतो, असं एका व्हिडिओत सांगितलं होतं. विकायच्या दागिन्यात तिनं तो कधीच घातला नसता. पण हळद एक दिवसाचीच असते.

पुडीत थोडीशी हळद उरली, तेवढी तिनं पुन्हा दुमडून ठेवली. दिवस मावळायच्या आत सगळी फुलं भाजून निघाली. हातफुलाचं मधलं फूल तिनं थंड झाल्यावर हातावरच्या पट्ट्यावर ठेवलं. फूल दिसेनासं झालं. बोटानं चाचपलं तेव्हा सापडलं.

सकाळी निर्मलाबाई पिवळी साडी नेसूनच आली. बाहेर कैलाशनं, तिच्या नवऱ्यानं, मोटारसायकल बंदसुद्धा केली नव्हती. भावजयीच्या दारात त्याला कधी उतरावंसं वाटत नसे.

रुखमानं डबा उघडून दाखवला. निर्मलाबाईनं टिक्का उचलून उजेडात धरला.

"अगं माय! हे तं खरीच..." ती थांबली. तिची नजर रुखमाच्या बोटांवर गेली, तिथून हातावर, कोपरापर्यंत. "हे काय लागलं तुले?"

"रंग."

"निघत नाही का?"

"घासला नाही."

बाहेर हॉर्न वाजला. ओट्यावरची पुडी निर्मलाबाईनं उचलली. ती आणली तेव्हा दोऱ्यानं बांधलेली होती. आता नुसती दुमडलेली. तिनं ती उलटसुलट केली, मग पदराच्या टोकात पुडी बांधली, गाठ कमरेला खोचली आणि दागिन्यांचा डबा छातीशी धरून निघून गेली.

दिवसभर रुखमानं खोली झाडली. वाया गेलेले गोळे एकत्र मळले. सगळे मिळून एकच मातीचा रंग झाला. चार वाजता मोबाइल वाजला. टीनाचा फोटो.

मांडवात पाटावर टीना बसली होती, गालांना, हातांना हळद, तोंड हसून फाकलेलं. रुखमानं दागिने शोधले. एकदम दिसले नाहीत. टिक्का तिच्या कपाळातूनच उगवल्यासारखा दिसत होता. मागे निर्मलाबाई हळदीची वाटी घेऊन उभी. रुखमानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, सरकवत सरकवत निर्मलाबाईच्या कमरेशी आणला.

पदराची गाठ तशीच होती. गाठीतून वर्तमानपत्राचा कोपरा बाहेर डोकावत होता. पुडी मोठ्या हळदीत गेलीच नव्हती.

ती त्या कोपऱ्याकडे पाहत असतानाच फोन आला.

"काकी! पाहिला का फोटो? सगळे विचारून राहिले, बपेऱ्याच्या बाया तं हात लावून लावून पाहून राहिल्या. माही सासू म्हणते, हे हळदीचंच आहे का वो? तिनं हातफुलाचा वास घेऊन पाहिला!"

"अन् मंग?"

"मंग काय, मले म्हणे तुह्या काकीचा हात सोन्याचा आहे. लग्नानंतर तिले बी पाहिजे म्हणते असेच." मागं बायकांचा गलका, कोणाचं तरी हसणं. टीनाचा आवाज एकदम उतरला. "आई सांगे तुले ताप आहे. खरंच ताप आहे?"

रुखमानं ताटलीखालच्या माठावर हात ठेवला. माठ गार होता.

"आहे थोडासा."

"तरी येवाचं होतं ना, काकी. माह्यासाठी तरी. मी किती वाट पाहिली."

"आली होती मी."

"कधी? मले तं नाही दिसली."

"टिक्का आज काढू नको, बेटा. न्हाशील तवाच काढजो."

"नाही काढत. पण तू कधी..."

पलीकडून कोणीतरी टीनाला हाक मारली आणि फोन कटला. पडद्यावर फोटो परत आला, अजून तेवढाच मोठा, गाठीवर थांबलेला. रुखमानं बोटानं तो वर सरकवला, कपाळापर्यंत, आणि तिथं सोडून दिला. मग पिवळ्या हातानं माठातून पाणी घेतलं आणि प्यायली.