बॅगेत काय आहे

लोकांचे कपडे दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. खिसे उलटे करून पाहिल्याशिवाय मी पँट मशीनखाली घेत नाही. कुणाच्या खिशात काय निघेल आणि उद्या कुणावर आळ येईल, सांगता येतं का? अशा बाईच्या घरात सूनबाई दार लावून फोनवर बोलायला लागली. तेही इंग्रजीत, आणि मधूनमधून हसत. मनात पाल चुकचुकणार नाही तर काय होईल?

लेक माझा ट्रकवर. घरी आला तर आला. म्हणजे घरात आम्ही दोघीच. मी मशीन थांबवून कान टवकारायची, पण इंग्रजीतलं मला कळणार काय, कप्पाळ? शेवटी एकदा जेवताना सरळ विचारलं. परदेशातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी आहे म्हणाली, दोन वर्षांची. लेकाला माहीत होतं. मलाच तेवढं सांगितलं नव्हतं.

ही गेली तर माझ्यासमोर जेवायला कोण बसणार, मशीन? आणि दोन वर्षं म्हणून गेलेलं कोण वेळेवर परत आलंय? वर्षभराने नवऱ्यालाही बोलावून घेईल, की झालं. पण हे मी बोलले नाही. तोंडाने एवढंच म्हटलं, की ते लोक तुला फसवतायत. मागण्या तरी बघा त्यांच्या. पदवी हवी, शिकवण्याचा दाखला हवा, पोलिसांचा दाखला हवा, भाषेच्या परीक्षेचे गुण हवेत, वर कॉलेजात इंग्रजीतूनच शिकली असं कॉलेजचं पत्र. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना म्हणे यातलं निम्मंही लागत नाही. आत्ताच विश्वास नाही, तर तिथे गेल्यावर काय डोक्यावर घेऊन नाचणार आहेत तुला? ती हसली, आणि एकेक करून सगळं जमवलं हो तिने.

मग शेवटची अट आली. इंग्रजीचा गंध नसलेल्या माणसाला शिकवतानाचा व्हिडिओ, मध्ये कुठेही न कापलेला. आपल्या भाषेतला एकही शब्द वापरायचा नाही, आणि शेवटी त्या माणसाने आपणहून एक पूर्ण वाक्य बोलायचं.

"आई, तुम्ही बसाल?" तिने विचारलं.

गावभर दुसरं कुणी मिळालं नाही हिला? पण मनात म्हटलं, बरंच झालं. मी मठ्ठ बसून राहिले की नोकरी आपोआप बारगळली, आणि बोल लावायला जागा नाही. मी इतक्या पटकन हो म्हटलं, की तिनेच माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं.

दोऱ्यांच्या डब्याला टेकवून तिने फोन उभा केला. कात्री दाखवली, नाव सांगितलं. मी ढिम्म. बटण दाखवलं. मी छताकडे बघत बसले. तिचा चेहरा जरा उतरला, मला वाईटही वाटलं, पण तोंडाचं कुलूप काही उघडलं नाही.

मग तिने स्वतःची काळी बॅग टेबलावर ठेवली. चेन जरा अडकली. तिने ती थोडीशी उघडून आत डोकावलं, गालात हसली, आणि परत लावली. "व्हॉट इज इन द बॅग?" असं सावकाश म्हणून माझ्याकडे बघत राहिली. मी हात पुढे केला. तिने बॅग मागे ओढली, आणि बोट माझ्या ओठांकडे दाखवलं, म्हणजे आधी विचारा. पुन्हा डोकावली. या वेळी हसली नाही. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा आत बघितलं आणि चटकन डोळे पुसले.

आता सांगा, जिने जन्मभर खिसे तपासले तिने काय करावं? तिकीट आहे? लेकाचं काही आहे? माझं काही?

"व्हॉट इज इन द बॅग?" मी जवळजवळ ओरडलेच.

तिने चेन पूर्ण उघडून बॅग उलटी धरली. आत काहीसुद्धा नव्हतं. "नथिंग," ती म्हणाली, आणि टाळ्या वाजवल्या.

जीभ चावून काय उपयोग? माझी खोड तिने बरोबर ओळखली होती. शिकवते मात्र चांगली, हे मला तेव्हाच कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

तिने फोन बंद केला. "आई, पाठवू का? तुम्ही नको म्हणालात तर पुसून टाकते."

मला यातही डाव दिसला. उद्या काही बिघडलं तर आईंनीच पाठव म्हटलं, असं सांगायला मोकळी.

"परत येशील?" मी विचारलं.

हो म्हणाली असती, तर मी तिथल्या तिथे नको म्हणणार होते. असले होकार मी ओळखते. उद्या नेतो म्हणणाऱ्यांच्या कपड्यांनी माझं कपाट भरलंय. ती खाली बघून ती अडकणारी चेन मागेपुढे करत राहिली.

"माहीत नाही, आई," ती म्हणाली.

एवढ्या दिवसांत तिचं हे पहिलं बोलणं, ज्यात मला तपासायला काही सापडलं नाही. रडूच कोसळलं मला, खोटं कशाला सांगू.

"पाठव," मी म्हटलं. मग बॅग तिच्या हातातून घेतली आणि चेन उसवायला बसले. असल्या चेनने प्रवास होत नसतो.