रविवारची चादर

डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्यावर झेंडा फडकत असला की मनोरा उघडा, कॉफी तयार, आणि मी केक केला असला तर केकही. झेंडा नसला की समजायचं, आज वर यायचे कष्ट घेऊ नयेत. आमच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरून डोंगर बघायला येणाऱ्यांना मात्र नसतं. ते बंद दाराची कडी वाजवतात, दमून पायरीवर बसतात आणि मी दिसले तर अशा नजरेने बघतात, जणू कुलूप मीच घातलंय.

मी गुडरून. मनोऱ्याच्या तळाशी एक खोली आहे, तिथे रविवारी मी कॉफी आणि केक बघते. मनोरा सांभाळायचं काम ओटमारचं. तो ऐंशीच्या घरातला, त्यामुळे तोंडावर मी त्याला 'अहो ओटमार' म्हणते आणि मनातल्या मनात 'अरे'. मनातलं बरेचदा मोठ्याने म्हणावंसं वाटतं, कारण इतका घुम्या माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

रविवारी सकाळी तो लोखंडी जिना चढून वर जातो, झेंडा चढवतो आणि दुर्बीण डोळ्यांना लावून नदीपलीकडच्या उतारावर बघत उभा राहतो. तिथे सफरचंदांच्या झाडांमध्ये बुर्गाचं घर आहे. झेंडा वर गेला की थोड्या वेळाने बुर्गाच्या अंगणातल्या दोरीवर एक पांढरी चादर येते. झालं. ओटमार दुर्बीण गळ्यात सोडतो, खाली येतो आणि कॉफी मागतो. त्या दिवशी मग कुणी कितीही मूर्ख प्रश्न विचारो, तो शांतपणे उत्तर देतो.

आता रविवारी कपडे वाळत घालणं म्हणजे आमच्याकडे किती मोठं पाप, ते इथल्याच माणसाला कळेल. शनिवारी दारापुढचा रस्ता झाडून घ्यायचा, आणि रविवार देवाचा, त्या दिवशी गवत कापायचं नाही, हातोडा उचलायचा नाही, दोरीवर मोजासुद्धा दिसता कामा नये. बुर्गाची शेजारीण क्नोडलरबाई त्या चादरीवरून दर आठवड्याला तोंडसुख घेते. बुर्गा ऐकून घेते आणि कुणाला ताकास तूर लागू देत नाही. मी एकदा खोदून विचारलं होतं. धुतलेली चादर वाळवावी लागते, एवढंच म्हणाली.

ओटमारची बायको गेली त्याच्या पुढच्या वसंतात हे सुरू झालं. बुर्गाचा नवरा त्याच्या कितीतरी आधी गेलेला. दोघं एका शाळेत होती. पण नदीच्या दोन काठांवर दोन गावं, दोन चर्च, दोन बेकऱ्या. बाजारात गाठ पडली तर बटाटे यंदा कसे झालेत एवढं बोलायचं आणि पुलाच्या आपापल्या टोकाकडे वळायचं. ही चादर खरंच ओटमारसाठी होती की बुर्गाला रविवारीच धुण्याची खोड होती, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकलं नसतं. ओटमारसुद्धा नाही.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार म्हणजे झेंड्याचा शेवटचा दिवस. त्यानंतर वसंतापर्यंत मनोरा बंद. यंदा त्याच दिवशी दुपारी ओटमारचा मुलगा फोल्कर गाडी घेऊन येणार होता. शहरात त्याच्या घराशेजारी वडिलांसाठी फ्लॅट घेतला होता, लिफ्ट होती, लाकडं फोडायची गरज नव्हती. मुलगा चांगला आहे, उगाच त्याला नावं ठेवणार नाही. ओटमारने त्याला हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात तो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि बराच वेळ टोपी फिरवत राहिला.

"रविवारी चादर दिसली तर फोल्करला सांगेन, मला जमायचं नाही," तो म्हणाला. "नाही दिसली तर जाईन."

"अहो, सरळ फोन करा की तिला."

"फोनवर काय बोलू?"

"जे चादरीला विचारणार आहात तेच."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला नदीत उडी मारायला सांगितलंय. मग बटाटे यंदा बरे झालेत म्हणाला आणि उठला.

आणि त्या रविवारी धुकं आलं.

आमचं धुकं खालून भरतं. आदल्या रात्री नदीवर एक पातळ थर असतो आणि सकाळी अख्खं खोरं काठोकाठ भरलेलं. मनोऱ्याशी उभं राहिलं की डोक्यावर लख्ख निळं आभाळ, ऊन इतकं की कोट काढावासा वाटतो, आणि पायांखाली पांढरं, संथ, न संपणारं पाणी. पलीकडच्या डोंगराचा माथा तेवढा बेटासारखा वर. गावं, पूल, नदी, माणसं सगळी तळाशी. खालून चर्चची घंटा वाजली तेव्हा तिचा आवाज ओला होऊन वर आला. कुठेतरी एक गाय हंबरली, तीही जणू झोपेत. मला अशा दिवशी नेहमी वाटतं, आपण मेलो आहोत आणि फार वाईट काही झालेलं नाही.

फिरायला आलेले लोकही हळू आवाजात बोलत होते. एकाने मात्र विचारलंच की पाटीवर लिहिलेला पडका किल्ला आणि धबधबा कुठे आहेत. मी म्हटलं, आहेत तिथेच आहेत, विश्वास ठेवा आणि केक खा.

ओटमारने झेंडा चढवला होता. मी वर गेले तर तो शहरात घालायचा कोट घालून उभा, दुर्बीण त्या पांढऱ्यावर रोखलेली. दुर्बिणीतूनही पांढरंच दिसत असणार. तो ती काढत नव्हता. मी विचारलं, काही दिसतंय का.

"घातलीही असेल," तो म्हणाला. "नसेलही."

मग त्याने दुर्बीण काढली तेव्हा डोळ्यांभोवती तिचे लाल गोल उमटले होते. ते बघून मला वाईट वाटलं, आणि माझं असं आहे की वाईट वाटलं की मला राग येतो. खोली एका ओळखीच्या बाईवर सोपवली आणि मी गाडी काढली. मनाशी म्हटलं, मी बघून येते. चादर आहे की नाही हे सांगायला काय लागतं?

पहिल्याच वळणावर गाडी धुक्यात शिरली. ऊन गेलं, रंग गेले, आवाज गेले. झाडं एकेक करून पुढे येत, मला न्याहाळत आणि मागे सरकत. पूल लागला, पण नदी दिसली नाही, नुसती ऐकू आली. सगळा रस्ता मी मनात एकच घोकत होते, असू दे बाई, दोरीवर असू दे.

दोरी रिकामी होती. तिला धुक्याचे थेंब लगडले होते, बाकी काही नाही. मी फाटकाशीच उभी राहिले. परत जाऊन त्याला काय तोंड दाखवणार, ते मला कळेना. खोटं सांगावं असंही मनात येऊन गेलं.

बुर्गाने खिडकीतून पाहून मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात ती सफरचंदं सोलत बसली होती. शेजारच्या खुर्चीवर चादर होती, इस्त्री केलेली, घडी घातलेली.

"आज चादर नाही घातलीस?" मी विचारलं.

"या धुक्यात?" ती सालाकडे बघत म्हणाली. "दिसणार आहे का ती कुणाला? उगाच क्नोडलरची बोलणी कशाला खाऊ?"

मी खुर्ची ओढून बसले. आपण काय बोललो हे तिच्याही ध्यानात आलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. मग मी तिला सगळं सांगितलं. फोल्कर दुपारी येतोय, लिफ्ट आहे, आणि ओटमार वर उभा राहून चादर शोधतोय. तिने हातातलं सफरचंद शेवटपर्यंत सोललं, सुरी धुतली, पुसली, जागेवर ठेवली.

"म्हणजे झेंडा लावलाय त्याने?"

"लावलाय."

"कुणाला दिसणार होता तो?"

"कुणालाच नाही."

"वेडाच आहे," बुर्गा म्हणाली. आणि तिने एप्रन सोडला.

गाडीत ती मांडीवर चादर घेऊन बसली, चर्चला जाताना पर्स धरतात तशी. मनोऱ्यावर ती शाळेच्या सहलीनंतर आलीच नव्हती, हे तिने मला पुलावर सांगितलं. अख्खं आयुष्य समोर राहिली, पण वर कशाला जायचं, दिसतोय की घरातून, असं तिला वाटे. वरच्या वळणावर धुकं आधी दुधाळ, मग सोनेरी झालं आणि आम्ही उन्हात बाहेर पडलो. पुढची चढण पायी. तिचे गुडघे दुखतात, ती मध्ये थांबली आणि मान वर करून झेंड्याकडे पाहत राहिली.

"एवढा मोठा आहे होय," ती म्हणाली. "मला वाटायचं रुमालाएवढा असेल."

फोल्कर वेळेआधीच आला होता. खोलीच्या दारात ओटमारची बॅग, आणि तो तिच्याशेजारी गाडीची किल्ली बोटात फिरवत उभा. वर ओटमारचा हात झेंड्याच्या दोरीवर होता. झेंडा अर्धा उतरला होता. बुर्गा सरळ जिन्याकडे गेली आणि एकेक पायरी चढू लागली. तो जिना लोखंडी, वरची कुजबुजही खाली येते.

"झेंडा राहू दे," तिचा धापा टाकणारा आवाज आला. "माझी चादर अजून घालायची राहिलीये."



"बुर्गा," ओटमार म्हणाला.

"जवळून तू फारच म्हातारा दिसतोस."

"तूही," तो म्हणाला. मग म्हणाला, "ते टोक इकडे दे. दोघांनी धरली की नीट बसते."

झेंडा पुन्हा वर गेला आणि कठड्यावर चादर पसरली. फोल्करने मला विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, तुमच्या वडिलांनी तुम्हाला उत्तर दिलंय. तो वर बघत राहिला, मग किल्ली खिशात टाकली, बॅग उचलून स्वतःच गाडीत ठेवली आणि ती परत वडिलांच्या घरी पोचवायला निघाला. मी त्याला केकचा मोठा तुकडा बांधून दिला. डोळ्यांतलं पाणी पुसायचं सोडून मी केक कापत होते, हे कबूल.

दुपार कलली तसं धुकं विरलं. आधी चर्चचं टोक वर आलं, मग छपरं, मग पूल, आणि नदी लकाकली. खोऱ्याने डोळे उघडून वर पाहिलं असणार, कारण थोड्याच वेळात माझा फोन वाजला. क्नोडलरबाई होती. आज रविवार आहे, ती म्हणाली, आणि तिकडे मनोऱ्यावर कुणाचं तरी धुणं वाळत घातलंय, साऱ्या खोऱ्याला दिसतंय.

मी म्हटलं, "झेंडाही दिसतोय ना? मग उघडं आहे. वर या, कॉफी आहे."