पन्हाळीपाशी

"अप्पा, पळा! मागनं सैनिक आले बघा!" सिद्धेश्वरी ओरडली. ईश्वरप्पांनी गेमचा रिमोट दोन्ही हातांनी करकचून दाबला. टीव्हीवरचा तलवारवाला वीर देवळाच्या भिंतीवर जाऊन आपटला.

हजार वर्षांपूर्वीचं ते शंकराचं देऊळ आणि भोवतीचं अख्खं नगर सिद्धेश्वरीनं घडवलं होतं, पुण्याच्या गेम कंपनीत दोन वर्षं खपून. पण सोलापुरातल्या त्यांच्या भुसार दुकानात कुणी लेकीबद्दल विचारलं, की ईश्वरप्पा म्हणायचे, "कॉम्प्युटरचं कायतरी करती." शिकल्यासवरल्या लेकीनं पोरांचे खेळ करत बसावं, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. म्हणून सुटीला आल्या आल्या तिनं त्यांना हट्टानं टीव्हीपुढं बसवलं होतं. एकदा डोळ्यांनी बघा, मग काय बोलायचं ते बोला!

सैनिक मागं लागण्याआधी ते देऊळभर फिरले होते. खांबांवरची नक्षी बघितली, नंदीपाशी जरा थांबले, पुढं निघाले. तिचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

"देवळाला वळसा घाला, अप्पा. पन्हाळीच्या पलीकडं भुयार हाय. तितं शिरलं की वाचलात!"

वीर धावत सुटला. सैनिक अगदी पाठीशी. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी दगडी पन्हाळ समोर आली, आणि ईश्वरप्पांची बोटं थबकली.

"उडी मारा की!"

त्यांनी वीराला तिथूनच माघारी वळवलं. थेट सैनिकांच्या तोंडी. दोन घाव बसले आणि पडदा लाल झाला.

"काय हे अप्पा! भुयार समोर होतं की!"

"शंकराची पन्हाळ ओलांडत्यात व्हय? प्रदक्षिणा तितंच थांबवायची, माघारी फिरायचं. एवढंबी ठावं न्हाय तुला?"

"अहो, पण हे खरं थोडंच..."

आणि तिच्या ध्यानात आलं. मरण पत्करलं, पण तिनं घडवलेली पन्हाळ त्यांनी ओलांडली नव्हती. तिचा ऊर अभिमानानं भरून आला.

ईश्वरप्पांचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. ते टीव्हीकडं बघत होते.

"ते भुयार अलीकडं घे आधी," ते म्हणाले. "जगभरची पोरं पाप करायलीत."