फोन भरणारे अमृत आणि आत्याचे अठरा टक्के

शिंप्याच्या दुकानावरील सभागृहात त्या दिवशी सकाळपासूनच एवढी दाटी झाली होती की, ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांनी भिंतीला आणि ज्यांना भिंतही मिळाली नाही त्यांनी एकमेकांना टेकून उभे राहणे पत्करले होते. प्रत्येकाच्या हाती एक मृतप्राय मोबाइल होता. समोर ऊर्जाबाबा विराजमान झाले होते व त्यांच्यापुढे मखमली रुमालावर साबणाच्या डबीएवढी काळी पेटी ठेवलेली होती.

बाबांनी बाटलीतील अमृताचे दहा थेंब पेटीत सोडले, डोळे मिटून ओठ हलवले आणि पेटीची वायर किराणा दुकानदाराच्या फोनला जोडली. भिंतीतील विजेशी त्या पेटीचा काडीमात्र संबंध नव्हता. तरीही फोनच्या पडद्यावर चार्जिंगची खूण उमटली.

"सात जन्मांचं तप आहे आत," बाबा म्हणाले. "हात लावून बघा. अजून निवलेलं नाही."

दुकानदाराने बोट लावले. पेटी खरोखरच गरम होती. त्याचे डोळे पाणावले.

हा प्रकार अकरा दिवस चालला होता आणि तो फोनपुरताच राहता, तर मी लेखणी उचलली नसती. परंतु जे द्रव्य निर्जीव यंत्रात प्राण भरते ते सजीव मनुष्यातही भरलेच पाहिजे, असा सिद्धान्त एका निवृत्त पोस्टमनने मांडला व तो टाळ्यांच्या गजरात संमत झाला. बाबा प्रथम बिचकले, मग गर्दीचा आकार पाहून राजी झाले. आज अमृतपानाचा पहिला दिवस होता आणि रांगेत सर्वांत पुढे, हाती स्टीलचा पेला घेऊन, माझी आत्या उभी होती. आईमागे मला तिनेच वाढवले आहे.

"आत्या, घरी चल," मी विनवले.

"गप रे. सकाळी जिना चढताना मी अठरा टक्क्यांवर आले होते."

"माणसाला टक्के नसतात."

"तुला नसतील. दिवसभर बसून पुस्तकं शिवतोस, तुझं खर्चच काय होतंय?"

तिच्या मागील गृहस्थाने आपण नऊ टक्क्यांवर असल्याचे सांगून पुढे सोडण्याची विनंती केली. आत्याने ती साफ फेटाळली.

बाबांनी आत्याच्या पेल्यात पाणी ओतले व त्यात अमृत मिसळले. एवढ्यात मी निरोप धाडून बोलावलेली माझी वहिनी गर्दीतून वाट काढत आली. वहिनी एका प्रयोगशाळेत नोकरीस आहे. तिने प्रथम आत्याच्या हातातील पेला काढून घेतला, त्याचा वास घेतला आणि मग पेटी उलटी करून पाहिली. पेटीच्या तळाशी निळ्या शाईने सतरा हा आकडा लिहिलेला होता.

"हे माझं अक्षर आहे," वहिनी म्हणाली. "हा आमचा सतरावा नमुना. फार तापतो म्हणून भंगारात काढला होता."

"बाई, ते सात जन्मांचं..."

"आठ वर्षांचं आहे. आधी हा डबा जेवणाच्या डब्याएवढा होता. तो एवढासा करता करता माझे केस पांढरे झाले, आणि तप तुमचं?"

सभागृहात हशा पिकला. बाबा सावरले. "मंत्राशिवाय पेटी चालवून दाखवा मग."

वहिनीने पेटीच्या एका बाजूची बारीक छिद्रे दोन्ही तळव्यांनी घट्ट झाकली. "तुम्ही म्हणा मंत्र. पाहिजे तेवढा मोठ्याने म्हणा."

बाबा म्हणू लागले. काही वेळातच पेटीला जोडलेल्या दुकानदाराच्या फोनवरील खूण विझली. बाबांनी आवाज चढवला, मग मंत्र बदलला. खूण विझलेलीच राहिली. वहिनीने तळवे उचलले, बाबांना गप्प बसण्याची खूण केली आणि थोड्या वेळाने चार्जिंग पुन्हा सुरू झाले.

"पेटीला मंत्र लागत नाही, हवा लागते," ती म्हणाली. "बाटलीत मिथेनॉल आहे, एक प्रकारचं स्पिरिट. पेटीच्या आत एक पातळ पडदा आहे. त्याच्या एका बाजूला ते पाण्यात मिसळून येतं, दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन. त्यांच्या क्रियेतून इलेक्ट्रॉन सुटतात, ते वायरमधून फिरतात, तीच वीज. मागे थोडं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता उरते. आणि हे विष आहे. घोटभर पोटात गेलं तरी डोळे जातात, जीवही जातो."

पोस्टमन सावकाश खाली बसला. वहिनीने तोच पेला बाबांपुढे धरला.

"तुम्ही देताय ना लोकांना? आधी तुम्ही प्या."

बाबांनी पेल्याकडे पाहिले, लोकांकडे पाहिले, आणि अत्यंत सत्य असे त्या दिवसातील त्यांचे पहिले वाक्य उच्चारले. "मला वाटलं, पोटात जळजळ होईल फक्त."

यानंतर बाबांची जी गत झाली, ती पोलीस ठाण्यातील नोंदवहीत वाचता येईल. मला सांगावयाचे आहे ते निराळेच. बाबांना बाहेर नेत असतानाच किराणा दुकानदार वहिनीपुढे आला व त्याने हात जोडून फोन पुढे केला. त्याच्या मागे दुसरी रांग लागली.

"ताई, नुसता हात लावा. तुमच्या हाताला गुण आहे."

"अहो, मी आत्ता काय सांगितलं?"

"तेच तर. केवढं ज्ञान आहे तुमचं. लावा ना हात."

वाचकहो, ढोंगी मनुष्यास हाकलून देणे सोपे असते. आपल्या मनातील रिकामी गादी मात्र तशीच राहते आणि आपण तीवर लगोलग दुसऱ्यास बसवतो, मग तो मनुष्य खरा का असेना. कोणाचेही, अगदी विदुषीचेही, बोलणे हात जोडून ऐकू नये. हे कशाने होते, हे बंद केले तर काय होईल, हे विचारावे. अकरा दिवसांत त्या सभागृहातील एकाही मनुष्याने हे विचारले नव्हते.

वहिनी हात मागे बांधून उभी होती. तेव्हा आत्या खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली.

"सूनबाई, एक सांग," ती म्हणाली. "त्या पडद्यातून स्पिरिट पलीकडे का नाही गळत?"

वहिनीने मागे बांधलेले हात सोडले.

"गळतं, आत्या," ती म्हणाली. "थोडं गळतंच. आठ वर्षं त्यावरच अडलंय आमचं."

"मग मला सगळं पहिल्यापासून सांग," आत्या म्हणाली.