कोण पळतंय?

त्या खोऱ्यात माणसं पळत नसत. चालत, चढत, उतरत, घसरत, आणि वाटेत कुणी भेटलं तर बोलत तासभर उभी राहत. पण पळत नसत. कुणी पळतंय म्हणजे नक्कीच काहीतरी झालंय, गोठा पेटलाय, नदी घरात शिरलीय, नाहीतर कुणाची घटका भरलीय. म्हणून "कोण पळतंय?" अशी आरोळी उठली की ती या काठावरून त्या काठावर जायची आणि हातातलं काम टाकून सगळे पळणाऱ्याच्या मागे पळायचे. काय झालं ते मागाहून विचारायचं.

ही रीत गिरणीवाल्या काकूंच्या सुनेला कुणी सांगितलीच नव्हती. सांगायला हवी हे काकूंच्याही डोक्यात आलं नाही.

काकूंचा मुलगा गुरांचा डॉक्टर. खोऱ्यातल्या जनावरांच्या दवाखान्याची जागा त्याला मिळत होती आणि महिनाअखेरीपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. त्याचा जीव इथंच अडकलेला. सून मात्र शहरात वाढलेली, म्हणून महिनाभर राहून बघू, असं दोघांनी ठरवलं. आल्या दिवशीच तिनं सरळ सांगितलं, "आई, माझं काम मी कुठूनही करीन. पण सकाळी पळायला मिळालं नाही ना, तर दिवसभर माझ्याजवळ कुणाला बसवत नाही. विचारा यांना." मुलानं इतक्या तत्परतेनं मान हलवली की काकूंना सगळं समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर पिवळी टोपी घालून सून नदीकाठानं निघाली. तिनं पुलाशी मागे वळून पाहिलं, तर मागे लोहार, बादल्या घेतलेल्या दोघी, वस्तऱ्यासकट न्हावी आणि अर्ध्या गालाला फेस लावलेलं त्याचं गिऱ्हाईक. हे आपल्याला धरायला येताहेत असं वाटून तिनं वेग वाढवला. प्रकरण भलतंच गंभीर दिसतंय असं वाटून त्यांनीही वाढवला. घरी येऊन तिनं आतून कडी घातली तेव्हा अंगणात अर्धं खोरं उभं होतं, आणि "आग कुठाय?" असं एकमेकांना विचारत होतं.

संध्याकाळी सुनेनं पळायचे बूट पुसले आणि उचलून बॅगेत ठेवले. काकूंनी ते पाहिलं.

"राहायला आलेलं माणूस पायातलं बॅगेत ठेवत नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

काकूंचे यजमान सुतार. जगातलं कुठलंही दुःख फळी ठोकून दूर होतं अशी त्यांची समजूत. "मग बुटांसाठी दाराजवळ आणखी एक फळी मारू का?"

"फळी आहे हो! माणूस टिकवायचंय."

मग काकू हात धुऊन या कामाच्या मागे लागल्या. अख्खं खोरं त्यांच्या गिरणीवर दळायला यायचं, त्यामुळे दवंडी पिटायची गरज नव्हती. पट्टा सुरू करण्याआधी त्या प्रत्येकाला दम भरत, "पिवळी टोपी पळताना दिसली तर जागचं हलायचं नाही. हसायचं, हात हलवायचा, टाळ्या वाजवल्यात तरी चालेल. जो मागे पळेल त्याचं दळण सगळ्यात शेवटी." हे शेवटचं वाक्य थेट काळजाला भिडे.

दुसरं काम होतं वाटा शोधायचं. गुडघे कुरकुरत होते, तरी काकू रोज दुपारी नवऱ्याला घेऊन निघत. नदीच्या वळणावळणानं जाणारी एक वाट नक्की झाली. जुन्या बंधाऱ्यावरून देवदारांच्या सावलीतून एक. काकू वाटेवरचे काटे काढत आणि सुतारबुवा दगडांवर पांढऱ्या रंगानं बाण काढत. ते बाण इतके सुबक असत की एक काढून होईपर्यंत बरोबर आणलेला चहा थंड व्हावा.

सून रोज पळू लागली. लोक टाळ्या वाजवू लागले, एकदा न्हाव्यानं टॉवेलसुद्धा हलवला. तिच्या चेहऱ्यावर तकाकी आली. पण बूट? ते रोज पुसून बॅगेतच जात. महिना संपत आला होता आणि काकूंच्या जिवाला घोर लागला होता.

"वाटा छान आहेत, आई," ती म्हणायची. या 'छान'मध्ये 'पण' दडलेला असतो, हे काकूंना त्या स्वतः सून झाल्यापासून माहीत होतं.

म्हणून तिसरी वाट शोधायला त्यांनी सुनेलाच बरोबर घेतलं. तिघं डोंगराच्या कुशीत, ओढ्यापर्यंत चढले. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून हा ओढा फुगतो, हे सुतारबुवांना लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही ओढ्याच्या मधोमध असलेल्या दगडावर बाण काढायचा मोह त्यांना आवरला नाही. पाय घसरला आणि दोन धोंड्यांच्या बेचक्यात घोट्यापर्यंत अडकला. ओढला तर आणखी रुते. तिघांनी मिळून जोर लावला, पण धोंडा ढिम्म हलेना.

"पहार पाहिजे," सुतारबुवा म्हणाले. "आणि ती धरायला माझ्यापेक्षा शहाणी माणसं."

सून वाऱ्यासारखी सुटली. काकू नवऱ्याचा हात धरून काठावर बसल्या. खाली सगळं खोरं पसरलेलं, नदीची वळणं, पलीकडच्या काठावर लाकडाची वखार, लोहाराचं दुकान, नावाड्याची होडी. पिवळी टोपी अलीकडच्या काठाला पोचलेली दिसली. तिनं पलीकडे पाहून दोन्ही हात हलवले. पलीकडून सगळ्यांनी दोन्ही हात हलवले. ती उड्या मारू लागली. लोहारानं हातोडा खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. नदीच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू जाणार? शेवटी ती लांबच्या पुलाकडे पळत सुटली आणि एकही माणूस जागचा हलला नाही.

"माझ्या कर्मा!" काकूंनी कपाळावर हात मारला. "दळणाची भीती घातली मी!"

पाणी नवऱ्याच्या पोटरीला लागलं होतं. "अगं, थंड आहे, पण बरं वाटतंय," असं म्हणत ते हसत होते, पण ओठ निळे पडू लागले होते. काकू घाबरल्या. अगदी मनापासून घाबरल्या. आणि मग पदर खोचून उठल्या.

धबधब्याच्या कडेनं नदीपर्यंत सरळ उतरणारी एक जुनी वाट होती. लहानपणी काकू तिथून शेळ्यांच्या मागे उधळायच्या. लग्न झालं, गिरणी आली, अंग सुटलं आणि ती वाट त्यांच्या मनातूनच गेली. आज पायांना ती बरोबर आठवली. काकू पळाल्या. तुषार तोंडावर घेत, झुडपांना धरत, चप्पल एकीकडे आणि आपण दुसरीकडे.

पलीकडच्या काठावर नावाडी चहा पीत होता. कप त्याच्या हातातून गळून पडला. "कोण पळतंय? अरे, गिरणीवाल्या काकू पळताहेत!"

हे असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. जग बुडालं असणार अशी सगळ्यांची खात्रीच पटली. होडी भरून माणसं आली. वखारवाल्यांच्या पहारी, लोहाराचा घण, बादल्या, दोर आणि न्हाव्याचं ते गिऱ्हाईक, याही खेपेला अर्धंच. पाणी गुडघ्यापर्यंत यायच्या आत धोंडा हलला होता. पाय बाहेर आला तेव्हा सुतारबुवांनी आधी विचारलं, "बाण पुसला नाही ना?"

तेवढ्यात पुलाकडून सून आणि मुलगा पोचले. मुलाच्या हातात गुरांना टोचायची पेटी होती, ती सुतारबुवांनी हातानंच लांब ठेवायला सांगितली. सुनेनं सासऱ्यांचा सुजलेला पाय पाहिला, काकूंचे अनवाणी, खरचटलेले पाय पाहिले, आणि रडता रडता हसत सुटली.

"आई, तुम्ही पळालात?"

"पळते कसली? घसरत आले."

"कुठून?"

काकूंनी वर बोट दाखवलं. धबधब्याच्या कडेनं ती वाट उन्हात चमकत होती. सून बघतच राहिली. मग डोळे बारीक करून म्हणाली, "अशी वाट महिनाभर लपवून ठेवलीत! मला सपाट वाटांवरून हिंडवलंत आणि ही स्वतःसाठी ठेवलीत होय?"

"तुला जपत होते गं मी. सगळ्या खोऱ्याला दम देऊन ठेवला होता."

"तेच तर," सून म्हणाली. "टाळ्या वाजवतात, पण कुणी बरोबर येत नाही. पाहुण्यासारखं वाटतं."

एवढं बोलायला हिला महिना का लागला, हे काकू विचारणार होत्या, पण आपण तरी कुठं विचारलं होतं?

खोऱ्यात नवा नियम झाला, पिवळी टोपी डोक्यावर असेल तर मौज आणि हातात असेल तर धावा. मौजेतही ज्याला यायचं त्यानं खुशाल यावं, दळण वेळेवर मिळेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे सुनेनं काकूंना उठवलं आणि ती वाट दाखवायला नेलं. पळायचं नाही, असं काकूंनी निक्षून बजावलं होतं. परत आल्या तेव्हा दोघींना बोलायला दम उरला नव्हता. सुनेनं चिखलाचे बूट काढले, पुसलेसुद्धा नाहीत, आणि दाराजवळच्या फळीवर काकूंच्या चपलांशेजारी ठेवून ती चहा टाकायला आत गेली.

सुतारबुवा पाय उशीवर ठेवून बसले होते. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग काकूंकडे. "रडतेस काय? कमी पडत असेल तर अजून एक मारतो."

"मारा," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "मलाही बूट घ्यायचेत."